टिकलीखालचं बटण

शनिवारी सकाळी साडेदहाला शेवंतीबाईंनी कॉम्प्युटर चालू केला आणि त्या अशा किंचाळल्या, की दामाजीरावांच्या हातातली ताटली सुटून निवडलेली मेथी सोफ्याखाली गेली.

"अहो, गणपती गेला!"

दामाजीराव धावत आले. पडद्यावर खरंच गणपती नव्हता. त्याच्या जागी निळ्या पाकळ्यांची काहीतरी वस्तू उमलली होती.

"हा कोबी कुणी आणून ठेवला?" शेवंतीबाईंचा आवाज कापत होता. "आणि माझी स्थळं बघा! मुलं-मुली सगळी एका रांगेत उभी केलीयत. बावीस वर्षांचं काम माझं!"

शेवंतीबाईंचा आकांत समजायचा तर त्यांची पद्धत समजून घ्यायला हवी. डोंबिवलीतल्या त्यांच्या राहत्या घरात बावीस वर्षं वधू-वर सूचक केंद्र चालू आहे. वही नाही, यादी नाही. सगळी स्थळं, म्हणजे प्रत्येकाची एक फाईल, कॉम्प्युटरच्या पडद्यावर, गणपतीच्या चित्राभोवती मांडलेली. डावीकडे मुलं, उजवीकडे मुली. पत्रिका जुळली की दोघांना सोंडेखाली सरकवायचं. कांदेपोहे झाले की मोदकांच्या ताटाजवळ. ठरलं की थेट पायाशी. ज्याला अजून नोकरी नाही किंवा ज्याची आई फार चिकित्सक, तो उंदराजवळ. बाईंना नावं आठवत नसत, जागा आठवत. फोनवरही त्या तसंच बोलत. "तुमचा मुलगा उंदराजवळ आहे हो, उत्तमराव, घाई करू नका," असं त्या एका बापाला सांगत आणि तो बिचारा चार दिवस अस्वस्थ राही.

आता गणपतीच नाही म्हटल्यावर कोण कुठे होतं, हे त्या विघ्नहर्त्यालाच ठाऊक.

"कुणी हात लावला होता?" शेवंतीबाईंनी चौकशी सुरू केली. घरात दोनच आरोपी होते आणि त्यातला एक आत दार लावून ऑफिसच्या मिटिंगमध्ये होता.

"अगं, मी काही केलं नाही," दामाजीराव म्हणाले. "ते रोज खालच्या कोपऱ्यात यायचं आणि विचारायचं, आत्ता करू की नंतर? तीन आठवडे मी नंतर-नंतर म्हणतोय. काल मलाच कसंतरी वाटलं. दारात आलेल्याला किती दिवस परत पाठवायचं?"

"म्हणून हो म्हणालात?"

"एकदाच म्हणालो."

"लग्नातही एकदाच म्हणाला होतात. निस्तरतंय कोण?"

दामाजीरावांनी सवयीने खालच्या डाव्या कोपऱ्यात बाण नेला. मॉनिटरच्या त्या कोपऱ्यावर बाईंनी फार पूर्वी एक लाल टिकली चिकटवली होती, नवऱ्याला सुरुवातीचं बटण सापडावं म्हणून. टिकलीखाली दामाजीरावांनी बटण दाबलं. नेहमीची यादी उघडली नाही. डोंबिवलीचं हवामान उघडलं आणि त्याखाली एका नटीच्या घटस्फोटाची बातमी, फोटोसकट.

"बंद करा ते!" शेवंतीबाई ओरडल्या. "लग्न जुळवायच्या जागेत घटस्फोट!"

त्यांनी कल्याणच्या मितेशला फोन लावला. कॉम्प्युटर त्यानेच विकला होता.

"आंटी, नया वाला अपडेट आलंय ते," मितेश म्हणाला. "बटण आता मध्ये सरकलंय. सगळ्यांचं तसंच आहे."

"का सरकलं?"

"लोकांना आवडतं म्हणे."

"कुठल्या लोकांना? मला विचारलं कुणी?"

"टेन्शन नका घेऊ, आंटी. हफ्ताभर त्रास होतो. हळूहळू सवय होते."

शेवंतीबाईंनी फोन ठेवला. हे शेवटचं वाक्य त्यांना फार ओळखीचं वाटलं. सासरी रडत असलेल्या किती मुलींना त्यांनी स्वतः ते फोनवर ऐकवलं होतं.

खरं म्हणजे मितेशची गरजच नव्हती. आतल्या खोलीत त्यांची लेक दक्षता होती. घोडबंदर रोडवरच्या कंपनीत तिचं दिवसभर कॉम्प्युटरचंच काम. तिने पाच मिनिटांत गणपती परत आणला असता. पण तिला बोलवायचं नव्हतं, आणि तीच खरी भानगड होती.

दक्षता तिशीची. "माझं मी बघेन, तुझ्या त्या गणपतीभोवती मला फिरवायचं नाही," असं तिने आईला बजावलं होतं. शेवंतीबाईंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी तिची माहिती टाईप केली. तिचा फोटो लावून ते स्थळ मोदकांच्या ताटामागे अर्धवट लपवून ठेवलं. महिन्याभरापूर्वी समोर प्रीतम आणून ठेवला. कल्याणजवळच्या मोहन्याच्या गुणाजीरावांचा मुलगा. गुणाजीराव आणि दामाजीराव तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात एका पाळीत होते. आज साडेअकराला गुणाजीराव सहकुटुंब येणार होते. दक्षताला एवढंच माहीत होतं, की बाबांचे जुने मित्र चहाला येताहेत.

आणि आता हा घात. त्या मेल्या नव्या यंत्राने सगळी स्थळं नावांच्या क्रमाने लावली होती. बाकीच्यांची आडनावं होती. दक्षताच्या स्थळाला बाईंनी प्रेमाने नाव दिलं होतं, 'आमची दक्षता'. अ झाला की आ. आडनाव अ किंवा आ-पासून सुरू होणारं एकही स्थळ केंद्रात नव्हतं. त्यामुळे लपवलेली लेक सगळ्यांत पहिली, सगळ्यांत वर, डाव्या कोपऱ्यात फोटोसकट झळकत होती.

"तिने दार उघडलं की संपलं," शेवंतीबाई कुजबुजल्या. "आधी हे उडवा."

"उडवायचं कसं पण?"

"त्याच्यावर उजवं बटण दाबा. शब्द येतात."

दामाजीरावांनी दाबलं. शब्द आले, पण ओळखीचे नव्हते. वर नुसती चित्रांची रांग होती आणि सगळ्यांत खाली लिहिलं होतं, आणखी पर्याय दाखवा.

"हे मुलांच्या आयांसारखंच निघालं," बाई चरफडल्या. "चांगलं समोर आहे ते बघायचं सोडून आणखी दाखवा. चित्रं बघा काय आहेत ती."

"कात्री आहे."

"कात्री नको. पोरीचं स्थळ आहे, कात्री कसली लावता?"

"दोन कागद आहेत. मग पेन्सिलीसारखं काहीतरी. मग एक डबा आहे आणि त्यातून बाण बाहेर निघालाय. शेवटी आणखी एक डबा, झाकणाचा."

शेवंतीबाईंनी विचार केला. झाकणाच्या डब्यात घालायचं म्हणजे ठेवायचं, साठवणीतल्या पापडांसारखं. आपल्याला तर बाहेर काढायचं होतं. "तो बाणवाला दाबा. बाहेर काढा तिला."

दामाजीरावांनी दाबलं. एक चौकोन उघडला. त्यात एक गोल आणि गोलाखाली नाव, दक्षता.

"विचारतंय, दक्षताच का म्हणून," दामाजीराव म्हणाले.

"बघा, निदान विचारतं तरी. हो म्हणा."

दामाजीरावांनी हो म्हटलं. त्याच क्षणी आतल्या खोलीत दक्षताचा मोबाईल वाजला.

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. शेजाऱ्यांच्या कुकरची शिट्टी आपल्याच घरात वाजल्यासारखी दोघांना दचकवून गेली. मग दार उघडलं. दक्षता मोबाईल हातात धरून उभी होती.

"आई, हे तू मला काय पाठवलंस?"

"मी कुठे? बाबांनी."

"अगं, तूच तर सांगितलंस!" दामाजीराव म्हणाले.

दक्षता वाचायला लागली. "उंची पाच फूट पाच. आई, मी पाच-दोन आहे. स्वभाव शांत आणि समजूतदार." इथे तिचा आवाज चढला. "स्वयंपाकाची आवड? अपेक्षा, मुलगा कल्याण परिसरातला असावा? कुणाची अपेक्षा? आणि साडेअकराला येणारे ते मित्र कोण आहेत, बाबा?"

दामाजीराव सोफ्याखाली मेथी शोधायला वाकले.

"मोहन्याचे गुणाजीराव," शेवंतीबाई पडेल आवाजात म्हणाल्या. "मुलगा चांगला आहे गं. आयटीत आहे."

"मला विचारलं कुणी?"

थोड्या वेळापूर्वी शेवंतीबाईंनी मितेशला सुनावलेले हेच शब्द. बावीस वर्षं त्या लोकांच्या मुली इकडच्या तिकडे सरकवत आल्या होत्या आणि एकीलाही धक्का बसत असेल असं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आज एक गणपती हलला तर स्वतःचे हातपाय गार पडले. त्यांना खरोखर वाईट वाटलं. पण तसं म्हणायची सवय नव्हती, म्हणून त्या म्हणाल्या, "फोन करून नको सांगते त्यांना."

त्यांनी फोन लावला. गुणाजीरावांचा फोन खाली, जिन्यातच वाजला. पाहुणे वीस मिनिटं आधी आले होते.

गुणाजीराव, त्यांच्या मागे पत्नी सखुबाई पेढ्यांचा डबा घेऊन, आणि सगळ्यांत मागे लॅपटॉपची बॅग खांद्याला लावलेला प्रीतम. नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी प्रीतमची नजर पडद्यावर गेली आणि तो चकित झाला.

"बाबा, खरंच बिघडलाय की यांचा कॉम्प्युटर!"

"म्हणजे?" दक्षताने विचारलं.

"बाबा म्हणाले, दामाजीकाकांचा कॉम्प्युटर बिघडलाय, जरा बघून दे. मला वाटलं नेहमीसारखी थाप असणार. गेल्या महिन्यात ठाण्यात बाळकुमला एकांचा पंखा बघायला नेलेलं. पंखा नीट होता. मुलगी होती."

गुणाजीरावांनी एवढी खरी थाप आयुष्यात मारली नव्हती. त्यांनाच धक्का बसला. ते मुकाट्याने खुर्चीवर बसले.

"म्हणजे तुम्हालाही कुणी विचारलं नाही," दक्षता म्हणाली.

"नाही. तुम्हाला?"

दक्षताने मोबाईल त्याच्यापुढे धरला. प्रीतमने वाचलं, मान वर करून तिची उंची पाहिली आणि हसू दाबलं. दक्षतालाही हसू आलं, पण ते तिने आईकडे पाठ करून हसून घेतलं.

इकडे सखुबाईंचा चेहरा उजळला. गुणाजीरावांनी पेढ्याच्या डब्याकडे पाहिलं. शेवंतीबाईंना वाटलं, देवा, तू पडद्यावरून गेलास खरा, पण घरात आहेस. वातावरण जरा मोकळं करावं म्हणून त्यांनी चहाचा ट्रे आणत विचारलं, "आयटीत म्हणजे नक्की काय करतोस रे बाळा?"

"काकू, मी अ‍ॅपची स्क्रीन डिझाईन करतो."

"म्हणजे?"

"म्हणजे कुठलं बटण कुठे असावं ते बघायचं. कोपऱ्यातलं मध्ये आणायचं, मधलं खाली न्यायचं. असं."

शेवंतीबाईंच्या हातातला चहाचा ट्रे थबकला. त्यांनी एकदा प्रीतमकडे पाहिलं, एकदा टिकलीकडे. मग त्या ट्रे ठेवून दामाजीरावांना स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

"हे स्थळ नको," त्या म्हणाल्या.

"अगं, महिनाभर तूच तर—"

"बटणं हलवतो तो! माणसांच्या संसारात ढवळाढवळ करणारा माणूस मला जावई नको!"

बाहेर दक्षता विचारत होती, "पण हलवण्याआधी लोकांना विचारता का हो तुम्ही?"

"विचारतो ना. आमच्याकडे दहा-बारा माणसं बोलावतो, त्यांच्या शेजारी बसतो. नाही म्हणाले तर हलवत नाही. बॉस वैतागतो." प्रीतम पडद्याकडे वळला. "आत्ता पण विचारतो. हे तुमचं मी नीट करून देऊ, की तुम्हीच कराल?"

दक्षताने कॉम्प्युटरपुढे दुसरी खुर्ची ओढली.

शेवंतीबाई बाहेर आल्या तेव्हा गणपती जागेवर होता. दोन डोकी पडद्यासमोर वाकली होती आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकला दोन आवाज मिळून शिव्या घालत होते. स्थळं मात्र अजून एकाच रांगेत होती.

"काकू, या. कोण कुठे होतं सांगा, मी लावून देतो," प्रीतम म्हणाला.

शेवंतीबाई खुर्चीत बसल्या. त्यांनी बाण 'आमची दक्षता'वर नेला आणि सवयीने ते स्थळ उचललं. हात अर्ध्यावर थांबला.

"दक्षता," त्या म्हणाल्या, "तुला कुठे ठेवू गं?"

दामाजीराव दारातच थिजले. छत्तीस वर्षांत बायकोने विचारून काही केल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

दक्षताने आईकडे पाहिलं. मग चोरून शेजारी पाहिलं.

"उंदराजवळ ठेव," ती म्हणाली. "घाई करू नकोस."

शेवंतीबाईंनी तिला उंदराजवळ ठेवलं. प्रीतमने विचारलं, "काकू, मी पण तिथेच उभा राहिलो तर चालेल?"

शेवंतीबाईंनी मॉनिटरच्या कोपऱ्यातली लाल टिकली नखाने सोडवली, नव्या बटणाच्या वर मधोमध चिकटवली आणि सखुबाईंना म्हणाल्या, "चहा गार होतोय, घ्या."