सेक्टर सातमधली सोयाबीन-चोरी

भिलईत पोलाद तयार होतं हे जगाला ठाऊक आहे. पण त्या पोलादाच्या तोडीचा एक मेंदूही भिलईतच, सेक्टर सातच्या एका क्वार्टरात मुक्कामाला आहे, ही गोष्ट मात्र एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस म्हणजे त्या मेंदूचे मालक धोंडबा हटवार. "मी नुसता पाहत नाई शालू, मी आरपार पाहतो," असं ते बायकोला रोज सकाळी चहाबरोबर ऐकवत. "सदतीस वर्षं रूळ तपासले. केसाएवढी चीर माह्या नजरेतून सुटली नाई. मंग माणसाच्या मनातली चीर काय सुटन?" शालूच्या मनात एव्हाना चिरेचं भगदाड झालं होतं, आणि ते त्यांना अजून दिसायचं होतं.

दारावर पाटी होती: 'धोंडबा हटवार, इन्स्पेक्टर (निवृत्त)'. प्लांटमध्ये ते तयार माल तपासणारे इन्स्पेक्टर होते. ते सगळं लिहायला पाटीवर जागा पुरली नाही, असं त्यांचं म्हणणं. पाटी तीन फूट लांब होती.

निवृत्तीनंतर त्यांनी 'गुप्त तपास' सुरू केला आणि शालूला न विचारता तिला असिस्टंट नेमलं. असिस्टंटचं काम म्हणजे पिशवी धरणं. पिशवीत भिंग, टेप, लोहचुंबक, छोटी हातोडी आणि साहेबांना मध्येच भूक लागली तर चिवडा.

शेजारच्या क्वार्टरात सिंधुताई रामटेके राहायच्या. वय सत्तर, अंगकाठी एवढीशी, पण तोंड खणखणीत. लग्न होऊन भिलईत आल्यापासून दरवर्षी दसऱ्याला त्या नागपूरला दीक्षाभूमीवर जात. कोरोनाची दोन वर्षं सोडली तर एकही खाडा नव्हता. यंदा मात्र डॉक्टरांनी अडवलं होतं. त्यांनी ताईंना खुर्चीवर बसवलं, हात छातीशी घ्यायला लावले आणि म्हणाले, आधार न घेता पाच वेळा उठून दाखवा. ताई दोनदा उठल्या आणि तिसऱ्यांदा धपकन बसल्या.

"अंगातलं मांस झडलंय," डॉक्टर म्हणाले. "जेवणात प्रोटीन वाढवा. महिन्यानं परत या. पाच वेळा उठलात तर खुशाल जा. नाहीतर त्या गर्दीत मी पाठवणार नाही."

वरचे दात काढलेले, त्यामुळे मटण चावता येईना. अंड्याचा वास ताईंना पहिल्यापासून सोसत नसे. राहिलं ते डाळी, उसळी आणि सोयाबीन. तेव्हा घरातल्यांनी कंबर कसली. मुलगा मोहित प्लांटमध्ये, मुलगी अपेक्षा त्याच प्लांटमध्ये क्रेन चालवायची, सून करिष्मा दुर्गला रेल्वेत. तिघांच्या तीन ड्यूट्या. एक यायचा तेव्हा दुसरी निघायची आणि तिसरी झोपलेली असायची. एकाच घरात राहून ही माणसं मोबाइलवर भेटत.

तीन आठवडे झाले आणि ताई वाढायच्या ऐवजी आणखी वाळल्या. दसरा महिन्यावर आला होता. डॉक्टरांकडे जायला राहिले होते फक्त सव्वीस दिवस, कारण मधे डॉक्टर गावाला गेल्यानं तारीख पुढे ढकलली होती. एवढीच काय ती ताईंवर नशिबाची मेहरबानी.

मोहितनं एकदा कुंपणापाशी उभं राहून सहज म्हटलं, "काका, सोयाबीनच्या पिठाचं पाकीट आणून राहिलो, तर पाच दिवसांत खतम. पंधरा-सोळा दिवस जायला पायजे. कौन ले जाता है, मालूम नहीं."

झालं. धोंडबांना कुणी बोलावलं नव्हतं, पण आग्या वेताळाला आमंत्रण लागत नाही.

"शालू, पिशवी!" ते गरजले. "प्रोटीनची चोरी होऊन राहिली. ताई वाळून राहिल्या, मंग कोणी तरी फुगून राहिलं असन. फुगलेला माणूस शोधा, चोर सापडला!"

शालूनं नवऱ्याच्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि पिशवी उचलली.

पहिला संशय अर्थातच गयाबाईवर. गयाबाई सकाळी आठला येऊन रामटेक्यांच्या घरच्या पोळ्या करायची. ताईंसाठी बारीक दळलेली कणीक वेगळ्या डब्यात असे आणि तिच्या चार पोळ्या वेगळ्या होत. गरीब माणसावर आधी संशय घ्यायचा हा नियम धोंडबांनी कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. तो त्यांना जन्मतःच येत होता. शालूला त्या दिवशी त्यांची खरोखर लाज वाटली.

"तुया दंडाचं माप घ्यायचं आहे," असं म्हणून ते टेप घेऊन पुढे झाले.

गयाबाईनं लाटणं उचललं. "भाऊ, माप लाटण्यानं घ्याचं का टेपानं?"

धोंडबा तीन पावलं मागे सरले आणि वहीत लिहिलं: 'संशयित हिंसक. अंगात ताकद. प्रोटीन?'

"अन् आयका," गयाबाई म्हणाली, "हे ताईच्या डब्यातली कणीक, कणीकच नाई राहिली. मळता मळत नाई, लाटली का फाटते. म्या करिष्माबाईले सांगतलं, त मने चक्कीवाल्याची करामत असन. तुमी जरा डब्यात पाहा ना."

"आरोपीच्या सांगण्यावरून तपास चालत नसते," धोंडबा म्हणाले. डब्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. शब्द तेवढा एकच धरला: चक्कीवाला.

दुसऱ्या दिवशी सिद्धांत बदलला. चक्कीवाला पिठात लोखंडाचा कीस मिसळतो! पुरावा म्हणून ताईंची एक पोळी ताब्यात घेण्यात आली. धोंडबांनी ती टेबलावर ठेवून हातोडीनं ठोकली, कानाशी नेऊन आवाज ऐकला, मग छातीएवढ्या उंचीवरून फरशीवर टाकली. पोळी दोनदा उडाली आणि खाटेखाली गेली.

"पाहिलं?" ते विजयानं म्हणाले. "हार्डनेस! रूळ नापास होईन या पोळीपुढं."

मग त्यांनी तिच्यावर लोहचुंबक फिरवलं. चुंबकाला काही चिकटलं नाही. एखाद्या शहाण्या माणसाला यावरून बोध झाला असता. धोंडबा चुंबक उलटसुलट करून म्हणाले, "चुंबक बिघडलं."

त्यांनी चक्कीवर जाऊन तिथला मालक बाबुलाल याला अर्धा तास कायदा समजावला. बाबुलाल म्हणाला, "साहब, आप जो पीसने दोगे वही निकलेगा. अभी तक आपने तो सिर्फ दिमाग पीसा है." धोंडबांनी वहीत लिहिलं, 'चक्कीवाला उर्मट, म्हणजे दोषी.' आणि परतताना त्याच्याकडून पावशेर बेसन घेतलं, तेही शालूला रात्री झुणका करायला लावण्यासाठी.

पाचव्या दिवशी रामटेक्यांच्या मागच्या अंगणात, कढीलिंबाच्या झुडपाखाली, आठ पोळ्या सापडल्या. सापडल्या शालूला, धोंडबा त्यांवर उभे राहून क्षितिज न्याहाळत होते.

"अहो, या ताईंच्या पोळ्या दिसतात. तुकडे केलेत, गायीला टाकावं तसे."

"गाय!" धोंडबांचे डोळे चमकले. "शालू, गाय येते, ताईच्या हातची पोळी खाते, गाय धष्टपुष्ट होते, दूध वाढते. गायीचा मालक कोण? या कटाची मुळं पार नंदिनी नगरापर्यंत जातील!"

"पण पोळ्या तर इथंच पडल्या आहेत. गायीनंसुद्धा तोंड लावलं नाही."

"गाय सावध झाली," धोंडबा म्हणाले.

उचलली जीभ लावली टाळ्याला, हे शालू लग्नापासून पाहत आली होती; पण गायीला कटात गोवणारा माणूस तिनं प्रथमच पाहिला. त्यापुढचे दोन दिवस ते गायीच्या मागे बोरसीपर्यंत चालत गेले. गाय तिथं एका भाजीवाल्याच्या टोपलीत तोंड घालून उभी राहिली आणि भाजीवाल्यानं टोपलीचे पैसे धोंडबांकडून वसूल केले, कारण गायीच्या इतक्या जवळ दुसरं कुणीच नव्हतं.

आठव्या दिवशी रविवार होता. तिघांच्या ड्यूट्या कशाबशा जुळून तिघंही घरी होते, तेव्हा धोंडबांनी सगळ्यांना समोरच्या खोलीत बसवलं आणि हात मागे बांधून फेऱ्या घालायला सुरुवात केली. शालू पिशवी घेऊन दाराशी उभी. ताई कोपऱ्यातल्या खुर्चीत, गालांची हाडं वर आलेली.

"मी सगळ्यांची तपासणी केली," धोंडबा म्हणाले. "बाई झाली, चक्की झाली, गाय झाली. आता एकच राहिलं." त्यांनी बोट वळवलं ते थेट करिष्माकडे. "सून! सासू वाळते कावून? सुनेच्या हातून!"

करिष्मा उभी राहिली. "अंकल, मैं रोज... मी रोज त्यांच्या कणकेत दोन मुठी सोयाबीनचं पीठ टाकून राहिली, त्या वाळाव्या म्हणून?"

"आप डालती हो?" मोहित म्हणाला. "मी पण टाकतो ना. दोन मुठी."

अपेक्षा दोघांकडे पाहतच राहिली. "मी सकाळी ड्यूटीहून आल्यावर पहिलं तेच करते."

धोंडबांनी घाईघाईनं वही उघडली. "म्हणजे तिघांचा मिळून कट..."

"अहो, जरा गप्प बसा," शालू म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं पिशवी खाली ठेवली. ती ताईंच्या खुर्चीपाशी जाऊन खाली बसली. "ताई, तुमी दिवसभर घरात असता. तुमाले काही दिसलं का?"

"हाव," ताई म्हणाल्या. "सगळंच दिसलं."

"मंग सांगितलं कावून नाई?"

"मले इचारलं कोणी?" ताई खेकसल्या. "ह्या तुया इन्स्पेक्टरनं गयाचा दंड मोजला, गायीच्या मागं फिरला. माह्यापाशी येऊन एक शब्द नाई. जिची पोळी, तिलेच सोडून सारं जग धुंडाळलं! काखेत कळसा अन् गावाला वळसा."

गोष्ट इतकी साधी होती की धोंडबांना ती कधीच सापडली नसती. अपेक्षानं घरच्या ग्रुपवर डॉक्टरांची सूचना टाकली होती: 'मम्मीच्या कणकेत रोज दोन मुठी सोयाबीन पीठ. तिला वास सोसत नाही, कळू देऊ नका.' बाकी दोघांनी खाली होकाराचा अंगठा टाकला. प्लांटमध्ये आणि रेल्वेत नोटीस लागली की ती प्रत्येक शिफ्टनं पाळायची असते. आधीच्या शिफ्टनं पाळली म्हणून आपल्याला सुट्टी नसते. तिघंही शिस्तीचे. दोनच्या सहा मुठी झाल्या, आणि रोज नवीन सहा मुठी जुन्यात पडत गेल्या. तीन आठवड्यांनी डब्यात कणीक नावाला उरली. ड्यूटीवर पुढच्या शिफ्टला चार्ज देताना हीच माणसं बोल्टसुद्धा मोजून वहीत लिहीत. घरी चार्ज द्यायची वहीच नव्हती. तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात ते उगीच नाही.

"ते पोळी मले कशी चावन?" ताई म्हणाल्या. "दात कुठं आहेत? गायीला टाकत होती. अन् चहात टोस बुडवून दिवस काढत होती."

"आम्हाला सांगायचं ना, मम्मी!" मोहित म्हणाला.

"काय सांगू बापा? एक पाय न वाजवता येते, डब्यात मुठी टाकते अन् माह्याकडं पाहत पाहत जाते. मंग दुसरी. मंग तिसरा. कामाहून थकून येऊन राहिले अन् माह्यासाठी चोरासारखे फिरून राहिले. म्हटलं, कसं मोडू यांचं मन? नागपूर गेलं तर गेलं, म्हटलं."

करिष्मा तोंडाला ओढणी लावून आत गेली. शालूलाही रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. लपवत होते ते फक्त धोंडबा. ते वहीत तोंड खुपसून काहीतरी खोडत होते.

राहिलेले अठरा दिवस शालूनं आपल्या हातात घेतले. सहा मुठींचा डबा गयाबाईनं उचलून नेला. "बकरी खाईन का पाहतो," म्हणाली. शालूनं तुरीचं वरण घट्ट केलं आणि त्यात भिजवलेले शेंगदाणे वाटून घातले. सकाळी मुगाच्या पिठाचा मऊ चिला, दुपारी भातावर बेसनाचे गोळे, संध्याकाळी शिजवून शिजवून लोण्यासारखी केलेली बरबटी, म्हणजे चवळी. सोयाबीनचं पीठ राहिलं, पण दोन चमचे, आणि तेही ताईंना सांगून. फ्रिजवर वही टांगली: काय घातलं, किती, कुणी, सही. पहिल्याच दिवशी अपेक्षानं सहीपुढे 'चार्ज घेतला' असं लिहिलं. दुपारी आणि संध्याकाळी ताई खुर्ची भिंतीला टेकवून उठबस करत आणि शालू मोजत असे. चार झाल्या की ताई शिव्या देत आणि पाचवी करत.

डॉक्टरांकडे सगळेच गेले. ताईंनी हात छातीशी घेतले. एक, दोन. तिसऱ्या वेळी पाय थरथरले. करिष्मानं मोहितचा दंड घट्ट धरला. चार. मग ताईंनी डोळे मिटले, वरचे दात नसलेलं तोंड घट्ट आवळलं आणि पाचव्यांदा उभ्या राहिल्या. उभ्याच राहिल्या.

"जा नागपूरला," डॉक्टर म्हणाले. "सोबत कुणीतरी हवं मात्र."

"शालू येते," ताई म्हणाल्या. शालूला कुणी विचारलं नव्हतं, पण या वेळी तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

धोंडबा खाकरले. "केस सोडवली म्हणा मी. अन् पाच वेळा उठणं म्हणजे काय मोठं? थांबा, दाखवतो." ते ताईंच्या खुर्चीत बसले, हात छातीशी बांधले आणि उठायला गेले. पोट पुढे आलं, बाकीचे धोंडबा मागेच राहिले. त्यांनी पुन्हा जोर केला. खुर्ची कुरकुरली.

"शालू," ते हळूच म्हणाले, "हात दे."

शालू तोवर दाराबाहेर होती. ताईंची पिशवी खांद्याला लावून ती विचारत होती, नागपूरची गाडी दुर्गहून पकडायची की भिलईहून.