सात नंबरच्या पिंपाचा आहार

सूक्ष्म जीवांच्या जेवणाकडे दुर्लक्ष करणारा समाज पुढे जात नाही. शिरगावच्या आमच्या फळ-वाइन गटाने (परवाना आहे, भिंतीवर टांगला आहे) हे एकमताने मान्य केले. सभासद अकरा, हजर चार, एकमत तिघांचे.

निमित्त असे, की सात नंबरच्या पिंपातला चिकूचा गर आंबता आंबता थांबला. चिकूत साखर भरपूर. पण यीस्टचे नुसत्या साखरेवर भागत नाही. त्याला नत्र लागते, जीवनसत्त्वे लागतात. नाही मिळाली तर ते काम सोडते आणि पिंपाला सडक्या अंड्यांचा वास येतो. गटाच्या तज्ज्ञ सलोनी मॅडमनी यीस्टला मोजून, हप्त्याहप्त्याने आहार द्यायचा तक्ता केला. (अंगणवाडीच्या आहाराचा विषय पुढच्या सभेत घ्यायचे ठरले.) आहाराची पुडी बोईसरहून येणार होती. चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी पिंप नारळीच्या बुंध्यात ओतायचा ठराव आला.

मी विरोध केला. तो गर माझ्या बायकोने, हिराने, काढून फ्रीजरमध्ये ठेवला होता. आठवड्याने ती गेली. तिच्या हातचे तेवढेच उरले होते. ही बाब ठरावात ‘इतर’ या सदरात नोंदवली.

वाडीवाले धर्माजी म्हणाले, “मॅडम, नत्रच हवं ना? आमी चिकूला सुक्या जवल्याचं खत घालतो. फलं कशी लगडतात!”

“काका, ते झाड आहे. हे तर लोक पिणार आहेत.”

“लोक जवला खात नाय काय?”

मॅडम पुडीसाठी फोन करायला बाहेर गेल्या. तेवढ्यात धर्माजींनी जवळ्याची, म्हणजे सुकवलेल्या बारीक कोळंबीची, दोन मुठी पूड पिंपात टाकली. तासाभराने पुडीही आली; तीही घातली. तिसऱ्या दिवशी पिंप बुडबुडू लागले. अहवालात श्रेय निम्मे पुडीला, निम्मे जवळ्याला दिले. (वासाचे पूर्ण श्रेय जवळ्याला.)

हिवाळ्यात पालघरच्या प्रदर्शनात आमच्या बाटल्या मांडल्या. लेबलावर ‘जवळा’ स्पष्ट छापला होता. मला वाटले, कोणी घेणार नाही, सगळ्या घरी येतील. पण शहरातले पाहुणे आले. त्यांनी पेला गोल फिरवला, हुंगला, डोळे मिटले. “वा! समुद्रकिनारा जाणवतो,” म्हणाले आणि सगळ्या बाटल्या घेतल्या.

ते तुम्हीच होतात. मी स्वतःसाठी टेबलाखाली ठेवलेली शेवटची बाटलीही हट्टाने नेलीत. चव कशी होती ते कळवा. मला मिळाली नाही.