ओट्यासमोरची चाळीस झाडं

सरकारनं अर्थसंकल्पात सवलत काढली: आवारात चाळीस झाडं दाखवा, गोदामाचा कर निम्मा माफ. वळ गावच्या गोदामवाल्या दौलतशेठनी बायकोला, सीताबाईंना, ऐकवलं, "सरकारला झाडं पायजेत ना? रविवारी तपासायला येत्याल, तवा दाखवतो."

आवारात गवताची काडी उगवायला जागा नव्हती; कुंपणापर्यंत काँक्रीट. पण जन्मभर गोदाम भाड्यानं देणाऱ्याला झाडं भाड्यानं आणायची कसली लाज! शेलारच्या रोपवाटिकेतून एका दिवसापुरते झाडांसकट चाळीस ड्रम ठरले. फोर्कलिफ्टवाल्या पंढरीला सांगितलं, नीट लाव. आलेलं सामान माल उतरवायच्या ओट्यासमोर लावायचं, ही त्याची पंधरा वर्षांची सवय. झाडंही त्यानं तिथंच लावली, शटरच्या तोंडाशी, आठ रांगांत. ड्रम दिसू नयेत म्हणून भोवती विटा आणि माती.

तपासणीचे साहेब आले तेव्हा सात गोदामं बघून दमले होते. झाडं कधीची, त्यांनी विचारलं.

"आमच्या वडलांच्या हातची हायती. हितून तसूभर हलली न्हाय."

वडील जाऊन वीस वर्षं झाली होती. झाडं छातीएवढी होती. साहेबांनी ते वाक्य तसंच कागदावर उतरवलं, शेठची सही घेतली आणि झाडागणिक एक नंबरचा बिल्ला अडकवला. आता झाड हलवायचं तर समितीची परवानगी, आणि समिती तीन महिन्यांनी बसते, असंही जाताना सांगितलं.

सोमवारी भाडेकरू कंपनीचे तीन ट्रक साबण घेऊन आले. पहिल्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "सेठ, गोदाम किधर गया?"

कंपनीच्या मॅनेजरनं कळवलं, शुक्रवारपर्यंत शटर मोकळं करा, नाहीतर वडपे गावात दुसरी जागा बघितलीय. शेलारचा माळी रोज भाडं वाढवत होता. दौलतशेठ तीन दिवस साहेबांच्या दारात बसले. चौथ्या दिवशी साहेबच कंटाळले. हलवा म्हणाले, पण काँक्रीट फोडून कडेला जमिनीत लावा, आणि हलवलेल्या प्रत्येक झाडामागं एक नवीन.

"म्हंजी ऐंशी?"

"वडिलांची आठवण आहे, शेठ. जपायला नको?"

माळ्यानं झाडांची किंमत सांगितली, ब्रेकरवाल्यानं त्याची. दोन्ही मिळून सहा वर्षांचा कर झाला. संध्याकाळी पंढरीनं कुंपणाकडचा पहिला खड्डा फोडला आणि थांबला. खाली जाडजूड बुंधा होता. चहा घेऊन आलेल्या सीताबाईंनी वाकून बघितलं.

"अवं, ह्यो तुमच्या बापाच्या हातचा आंबा. गोदाम बांधताना तुमीच तोडलेला."

दौलतशेठनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"पंढरी, ह्यो खड्डा पयला बुजव," ते म्हणाले. "सायबानं बघितला तर त्याला पन बिल्ला लावंल."