डबे परत आणायचे आहेत

डबे परत आणायचं काम अनंत सोनटक्क्यांकडे आलं, कारण मीटिंगमध्ये ते एकटेच गप्प बसले होते.

सक्करदऱ्याच्या त्या लहानशा चर्चची नाताळची मीटिंग म्हणजे सगळ्यांनी एकदम बोलायचं, हे ठरलेलं. तळ्यामागच्या बस्तीतल्या पंचवीस-तीस घरांना चर्चच्या मंडळीकडून दरवर्षी फराळ जायचा. करंज्या, शंकरपाळे, चिवडा आणि लेकरांसाठी केकचे तुकडे. मागच्या वर्षी तो प्लास्टिकच्या पिशव्यांतून गेला होता. पिशव्या वाटेतच फाटल्या, चिवडा रस्त्यावर सांडला आणि लेकरांच्या आधी गाईंनीच नाताळ साजरा केला. म्हणून यंदा पास्टर सुशील यांनी नवा विचार मांडला. फराळ स्टीलच्या डब्यांतून द्यायचा, आणि डबे मंडळीतल्या बायकांनी आपापल्या घरून उसने द्यायचे.

"अन् ते परत कोण आणणार?" महिला मंडळाच्या मधुवंतीबाईंनी विचारलं.

त्यावर सगळ्यांचं बोलणं एकदम थांबलं. पास्टरांची नजर फिरत फिरत कोपऱ्यातल्या खुर्चीवर आली. "अनंतकाका आहेत ना! जन्मभर कॉलेजची लायब्ररी सांभाळली त्यांनी. वसुलीची सवय आहे."

अनंतरावांना सांगावंसं वाटलं की तसं काही नाही. पुस्तक परत मागायचं म्हणजे ते त्या मुलाच्या बाजूला जाऊन उभे राहत आणि खोकत. पण मनातल्या मनात वाक्य नीट जुळेपर्यंत टाळ्या वाजून गेल्या होत्या.

"काकाजी, ऐकून घ्या," बाहेर पडताना मधुवंतीबाईंनी त्यांना गाठलंच. "माझा डबा सात डब्यांच्या सेटमधला आहे. चोवीसच्या संध्याकाळी मले घरात पाहिजे. पंचवीसला सकाळी आम्हालेच घरोघर फराळ न्याचा राहते. डबे नाही आले, तर पुढच्या वर्षी एकही बाई डबा देणार नाही. मग बस्तीतल्या लेकरांना फराळ ओंजळीत नेऊन द्या."

घरी आल्यावर अनंतरावांच्या पत्नीने, नीलाताईंनी, आपला डबा काढून दिला. कडीचा, जाड बुडाचा, त्यांच्या आईने लग्नात दिलेला. देताना त्या काही बोलल्या नाहीत. त्यामुळे अनंतराव जास्तच घाबरले.

बावीस तारखेला वाटप छान झालं. मुलांनी गाणी म्हटली, केकचे तुकडे जागच्या जागी संपले. पास्टरांनी सगळ्यांना आधीच बजावून ठेवलं होतं, "दान हा शब्द काढायचा नाही. ही प्रेमाची भेट आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी अनंतराव नत्थूजींच्या ऑटोत बसून डबे आणायला निघाले. नत्थूजी म्हणजे त्यांच्याच गल्लीतले ऑटोवाले. हाडापेराने बारीक, आणि भूक मात्र कायम ताजी.

पहिलं घर शामलाचं होतं. अनंतराव दारात उभे राहिले आणि खोकले.

"या न काकाजी. खोकला झाला का?"

"नाही, नाही. तो... डबा न्यायला आलो होतो."

"डबा आज नाई देता येत."

"का? फराळ संपला नाही का?"

"फराळ त पोरीनं, रितिकानं, रातीच संपवला. घासूनपुसून ठेवला हाय डबा. पण खाली डबा कसा देऊ बाप्पा? आज घरात काईच नाई. उद्या या."

"अहो, पण त्यात काही घालायचं नसतंच. आम्ही ते तसंच दिलं होतं."

शामलाचा चेहरा बदलला. "तसंच म्हंजे? दान देऊन राहिले होते का आम्हाले?"

अनंतरावांनी घाईघाईने हात हलवले. "छे छे! दान कसं? प्रेमाची भेट!"

"मंग? भेट त दोन्हीकून असते. होय का नाई वं?" शामलाने शेजारणीला विचारलं. शेजारीण म्हणाली, "नाई त काय! सणासुदीले खाली डबा देते का कोणी?"

अनंतरावांना मान डोलवावी लागली. खरं म्हणजे तो मुद्दा पास्टरांच्याच प्रवचनातला होता. अनंतराव पुढच्या घरी गेले. तिथेही तेच. त्याच्या पुढच्या घरी तर त्यांना पाहताच बाई आतून ओरडली, "उद्या, काकाजी, उद्या! आंबाडी निवडून राहिले!"

ऑटो रिकामी परत आली.

"साहेब, तुम्ही जरा डोये वटारून मांगा न गा," नत्थूजी म्हणाले.

"ते मला जमत नाही."

"हो, ते दिसूनच राहिलं."

चोवीसला सकाळी मात्र सगळे डबे मिळाले. सगळे, आणि सगळे भरलेले. कोणात बेसनाची पाटोडी आणि खाली तिचा रस्सा, कोणात आंबाडीची भाजी, कोणात तिळाची चटणी, कोणात शेंगदाण्याचे लाडू. शामलाने नीलाताईंचा कडीचा डबा गरम सांबारवड्यांनी, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांनी, भरला होता. मधुवंतीबाईंचा डबा एका आजीबाईंनी दोन्ही हातांत धरून, जत्रेतल्या देवासारखा आणला.

"दही लावलं हाय. संध्याकायपावतर हालवू नोका."

"आजी, मला तर हा ऑटोतून न्यायचा आहे."

"न्या न. पन हालवू नोका."

सक्करदऱ्याचा रस्ता त्या महिन्यात पाइपलाइनसाठी खोदून ठेवलेला होता. अनंतरावांनी डबा मांडीवर घेतला आणि प्रत्येक खड्ड्याला जागेवरून थोडं उठायचं तंत्र बसवलं. पाठीमागे रस्सा एका डब्यातून दुसऱ्या डब्याच्या झाकणावर उतरत होता. नत्थूजी एका हाताने ऑटो चालवत होते आणि दुसऱ्या हाताने, वजन कमी करायचं म्हणून, लाडू खात होते.

मधुवंतीबाईंनी डबा उघडून पाहिला. दह्याचं ताक होत आलं होतं.

"हे काय आहे काकाजी?"

"दही होतं. एका आजींनी भरून दिलं. रिकामा डबा देत नाहीत म्हणे."

मधुवंतीबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "बघा बाई! म्हाताऱ्या माणसानं स्वतःच्या तोंडचं दूध आपल्यासाठी विरजलं." त्या आत गेल्या. अनंतरावांनी सुटकेचा श्वास सोडला. पाच मिनिटांनी त्या बाहेर आल्या, तेव्हा तोच डबा घासून, पुसून, काठोकाठ अनारशांनी भरलेला होता. "हा त्या आजींना देऊन या."

"अहो, पण..."

"अन् डबा परत आणा. संध्याकाळपर्यंत."

"बाई, त्या पुन्हा भरून देतील."

"मग? द्या म्हणा."

"मग तुम्ही?"

"मी काय रिकामा पाठवीन? मले काय रीतभात नाही?"

"पण मग हे थांबणार कुठे?"

"ते तुम्ही बघा. डबे तुमच्याकडे आहेत."

पुढच्या प्रत्येक घरी हेच झालं. दुपारपर्यंत नत्थूजींच्या ऑटोत सगळेच्या सगळे डबे परत आले होते, आणि आता त्यांत अनारसे, चकल्या, नानकटाई आणि गुलाबजाम होते. गुलाबजामांचा पाक पाटोडीच्या रश्शाच्याच वाटेने खाली उतरत होता. अनंतरावांनी रस्त्याच्या कडेला ऑटो थांबवून पास्टरांना फोन लावला.

"काका, अहो हीच तर सुवार्ता!" पास्टर भारावून म्हणाले. "गरीब श्रीमंताला भरवतोय. मी रात्रीच्या उपदेशात हेच घेतो." मग लगेच त्यांनी विचारलं, "पण डबे मिळतील ना?"

अनंतरावांनी फोन ठेवला. आयुष्यभर त्यांनी लोकांना काही ना काही दिलं होतं आणि ते परत आलं होतं. वाचलेलं पुस्तक कोणी वर आणखी चार प्रकरणं लिहून परत करत नव्हतं. चूक आपलीच असणार, असं त्यांना नेहमीप्रमाणे वाटलं. मीटिंगमध्ये वेळेवर बोललो असतो, तर आता घरी चष्मा लावून वाचत बसलो असतो.

आणि वाचनाची आठवण झाली, तशी त्यांना एक युक्ती सुचली.

ते घरी गेले आणि त्यांनी कपाट उघडलं. त्या कपाटात कापडी पिशव्या होत्या. इतक्या वर्षांच्या ग्रंथप्रदर्शनांतून, चर्चासत्रांतून, सत्कारांतून मिळालेल्या. कुठल्याशा प्रकाशनाचं नाव, कुठल्याशा संमेलनाचं चित्र. नीलाताईंनी कितीदा सांगितलं होतं की एकतर पिशव्या राहतील नाहीतर मी.

"काय करून राहिले?" नीलाताईंनी विचारलं.

"पिशव्या देऊन टाकतो."

"सगळ्या?" नीलाताई उठून उभ्याच राहिल्या. "देव पावला! अन् माझा डबा?"

"संध्याकाळी आणतो."

युक्ती साधी होती. डबा बस्तीतल्या कोणाच्या हातात द्यायचाच नाही. ऑटोत बसूनच फराळ पिशवीत ओतायचा आणि फक्त पिशवी द्यायची. डबा त्यांनी घेतलाच नाही, तर रिकामा परत करण्याचा प्रश्न येतो कुठे? गुलाबजामांसाठी त्यांनी शामलाकडून तिचंच पातेलं मागून घेतलं. सगळं झटपट उरकलं. "पिशवी तुम्हालाच राहू द्या," असं सांगायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण ते दान वाटलं तर? म्हणून ते नुसतेच हसले. शामलाही हसली. डबे पुसून, रिकामे, चमकत ऑटोत रचले गेले. अनंतरावांना कितीतरी वर्षांनी आपण हुशार असल्यासारखं वाटलं.

ते वाटणं मधुवंतीबाईंच्या दारापर्यंत टिकलं.

त्यांनी डबा हातात घेतला, कानाशी नेऊन हलवला आणि झाकण उघडलं. "रिकामा?"

"हो!" अनंतराव आनंदाने म्हणाले.

"काकाजी, उद्या नाताळ. आज दिवेलागणीला माझ्या घरात रिकामा डबा घेऊन येऊन राहिले तुम्ही?"

"अहो, तुम्हालाच डबा पाहिजे होता ना?"

"डबा पाहिजे होता. रिकामा नाही पाहिजे होता." आणि त्यांनी डबा पुन्हा अनंतरावांच्या हातात दिला. "आजी काहीच नाही म्हणाल्या का? नाराज झाल्या असतील. काहीतरी बोलले असाल तुम्ही."

अनंतराव ऑटोत येऊन बसले. चर्चची घंटा वाजायला लागली होती. एका बाजूला रिकामा डबा द्यायला तयार नसलेली बस्ती, दुसऱ्या बाजूला रिकामा डबा घ्यायला तयार नसलेलं महिला मंडळ, आणि मध्ये ते. पुढच्या वर्षीचा फराळ आता ओंजळीतच जाणार, लेकरं वाट बघत राहणार, आणि त्याचं कारण म्हणून त्यांचं नाव निघणार. त्यांना एकदम जोरात ओरडावंसं वाटलं. ते खोकले.

"साहेब," नत्थूजी म्हणाले, "एक बोलू? रागावसान नाई न?"

"बोला."

"तो पाहा संत्रावाला उभा हाय. काटोलचा माल हाय. एकेक संत्रं टाका न गा डब्यात. डबा भरलाच पायजे असं कोन म्हनलं? खाली नसला म्हंजे झालं."

अनंतरावांनी संत्री घेतली. प्रत्येक डब्यात एक. दारोदार गेले. प्रत्येक बाईने डबा कानाशी नेऊन हलवला. आतून संत्रं डुगडुगलं, आणि प्रत्येकीचा चेहरा खुलला. मधुवंतीबाईंनी तर संत्रं हातात घेऊन बघितलं आणि म्हणाल्या, "कशाला उगाच तसदी घेतली त्यांनी! पुढच्या वर्षी मोठा डबा देते."

शेवटी कडीचा डबा आपल्या घरच्या ओट्यावर ठेवून अनंतराव खुर्चीत बसले. नीलाताईंनी डबा उघडला, संत्रं सोललं आणि अर्धं त्यांच्या हातावर ठेवलं. मग रिकाम्या कपाटाकडे पाहून म्हणाल्या, "आजचा दिवस चांगला गेला."

नाताळच्या सकाळी अनंतराव नवा सदरा घालून चर्चला निघणार, एवढ्यात दार वाजलं. बाहेर शामला उभी होती, बाजूला रितिका, तेल लावून दोन वेण्या घातलेली. त्यांच्या मागे आजीबाई. आजीबाईंच्या मागे फाटकापर्यंत आणि फाटकाबाहेर नत्थूजींच्या ऑटोपर्यंत अख्खी बस्ती होती. प्रत्येकीच्या हातात एक कापडी पिशवी. धुतलेली, वाळवलेली, आणि फुगलेली.

"काकाजी, हॅप्पी नाताळ!" रितिका ओरडली.

"तुमच्या पिशव्या आनल्या," शामला म्हणाली. "काल तुम्ही लई घाईत होते. मंग म्या म्हनलं, मानसाची वस्तू हाय, आपनच नेऊन देऊ."

"रिकामी आणली असतीस तरी..." अनंतरावांनी क्षीण आवाजात सुरुवात केली.

"खाली पिशवी कशी देऊ बाप्पा?"

पोहे, मुरमुरे, चिंचा, वाल, कोहळ्याच्या वड्या. व्हरांडा भरला, मग बैठकीची खोली भरली. आजीबाईंनी पिशवीतून दह्याचं गाडगं काढलं आणि बजावलं, "हे हालवू नोका." नीलाताई कपाटासमोर उभ्या राहून परत आलेल्या पिशव्या मोजूनही पाहत नव्हत्या. शामलाने नमस्कार केला आणि ती जायला वळली, रिकाम्या हातांनी.

अनंतरावांनी त्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. दोनदा खोकले. मग कोणी काही म्हणायच्या आत ते स्वयंपाकघरात गेले, कडीचा डबा करंज्यांनी दाबून भरला आणि शामलाच्या हातात ठेवला.

सगळे गेल्यावर नीलाताई ओट्याकडे आल्या.

"अहो, माझा डबा?"

"बस्तीत."

"पुन्हा? मग परत कधी येणार तो?"

अनंतराव खुर्चीत बसले, गाडग्याला धक्का लागणार नाही अशा बेताने पाय लांब केले आणि डोळे मिटले.

"भरला की येईल."