भाकरीवरचं धुकं

थंडीनं शाई गोठली आणि संगप्पा गुरुजींचं सगळं गणितच फिसकटलं. जळकोटच्या शाळेत पस्तीस वर्षं चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले होते. त्या पस्तीस वर्षांत त्यांनी स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवले, मतदान जागृतीच्या भिंती रंगवल्या, हेडमास्तरांच्या मुलीच्या रुखवतातला मोरसुद्धा रंगवला. पण स्वतःच्या नावाचं चित्र काही कुठल्या भिंतीवर लागलं नाही. आता लागणार होतं. त्यांची जुनी विद्यार्थिनी तनुजा लातुरात हिवाळ्यावरच्या चित्रांचं प्रदर्शन भरवत होती आणि तिनं सरांसाठी भिंतीवर जागा राखली होती. चित्र उद्या सकाळपर्यंत पोचवायचं होतं.

महिनाभर खपून गुरुजींनी लाकडाच्या फळीवर मेव्हण्याचं, म्हणजे शिवशंकरचं रान कोरलं होतं. वर धुक्याच्या केसाएवढ्या बारीक रेघा, मधे ज्वारी, कडेला कडब्याची कोपी, म्हणजे खोपटं. खालची निम्मी फळी नांगरलेल्या काळ्या रानासाठी न कोरता सपाट सोडलेली; सपाट भाग शाईत काळाच उमटतो. लाकूड मऊ राहावं म्हणून ते रोज तिला जवसाचं तेल चोळायचे. आता फळीवर शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा, चमच्याच्या पाठीनं घासायचा, की चित्र तयार. पण शाई मेली पसरेचना.

"उनात ठिवा की," शिवशंकरची थोरली बहीण आणि गुरुजींची बायको अंबिकाबाई म्हणाल्या. "आज येळवस हाय. रानात जायाचंच हाय, तर तिथंच छापा तुमचं काय ते."

येळवस म्हणजे काय, हे लातूरकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. इतरांसाठी एवढंच, की थंडीतल्या या अमावस्येला गावंच्या गावं रानात जेवायला जातात, आणि बांधावरून जाणाऱ्याला कुणी हाक मारली तर त्यानं बसायचं असतं. नको म्हणणारा वर्षभर नावं ठेवून घेतो. गुरुजींना हे सगळं ठाऊक होतं. तरी अर्ध्या तासात काम उरकू, अशा भाबड्या आशेनं त्यांनी फळी, शाई आणि कागद पिशवीत भरले.

शिवशंकरच्या रानात पोचून त्यांनी पिशवी कोपीत ठेवली, शाईची डबी उन्हात मांडली, तोच शेजारच्या बांधावरून भुजंगची हाक आली.

"गुरुजी, या की! भज्जी गरम हाय."

"आत्ताच आलोय रे. जरा काम हाय."

"येळवशीला कसलं काम? आमचं रान वाळीत टाकलं का काय?"

झालं. भुजंगकडे भाज्या-दाण्यांची घट्ट भज्जी झाली, पलीकडे हणमंतरावांकडे बाजरीचे उकडलेले उंडे झाले, त्याच्याही पलीकडच्यांनी दोन तांबे ताकातली आंबील पाजली. आंबील थंडगार, ऊन कोवळं. चौथ्या रानात गुरुजी मान डोलावता डोलावता कडब्याच्या पेंढीवर कधी आडवे झाले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

इकडे शिवशंकरच्या कोपीपुढे नांदेडहून पाहुण्यांच्या दोन जीपगाड्या येऊन थांबल्या. भाकरी संपल्या. शिवशंकरच्या बायकोनं, शिवकांतानं, तीन दगड मांडून चूल पेटवली, पीठ भिजवलं, आणि मग तिच्या ध्यानात आलं की भाकरी थापायची काठवट घरीच राहिली. शोधता शोधता तिचा हात गुरुजींच्या पिशवीत गेला.

गुरुजी डोळे चोळत परतले तेव्हा कोपीपुढे तीसेक माणसं पंगतीला बसली होती आणि एकही जेवत नव्हता. जो तो भाकरी तोंडासमोर धरून वाचत बसला होता.

"ही बघा कोपी," कुणीतरी म्हणालं.

"आन ही आपली जवारी. लई झ्याक!"

गुरुजींनी शेजाऱ्याच्या हातातली भाकरी ओढून घेतली. फळीवर कोरलेली रेघ न् रेघ भाकरीवर उठली होती आणि तव्यावर तांबूस भाजली होती. वरती धुकं होतं. शिवकांता चुलीपुढे फळीवर शेवटची भाकरी थापत होती.

"अगं, काय केलंस हे! महिनाभराचं काम होतं माझं!"

शिवकांताचा चेहरा उतरला. "दाजी, मला काय ठावं? फळीला जवसाचा वास येत होता. मला वाटलं, खायाच्याच कामाची हाय. अक्कानं नवा साचा आणला म्हनलं."

तिचंही खोटं नव्हतं. आपल्याकडे जवसाचा वास चटणीला येतो, चित्राला नाही. गुरुजी फळी घेऊन हौदाकडे धावले. रेघांत पीठ गच्च बसलं होतं. पाणी लागताच लाकूड फुगलं आणि धुक्याच्या बारीक रेघा एकमेकींना चिकटल्या. आता फळी आठ दिवस सावलीत वाळल्याशिवाय काही खरं नव्हतं.

तेवढ्यात तनुजाचा फोन आला. "सर, छाप निघाला का?"

"निघाले. तीस-पस्तीस निघाले," गुरुजी म्हणाले. "पण लोकांनी खाल्ले."

त्यांनी झालेलं सगळं सांगितलं. तनुजा आधी हसली, मग म्हणाली, "सर, मला जागा रिकामी नाही ठेवता येणार."

"दुसऱ्याला दे, पोरी." फोन ठेवताना त्यांना फार वाईट वाटलं. ही जागा परत मिळायची नव्हती. डोळे भरून आले, म्हणून ते चुलीच्या धुराकडे तोंड करून बसले. अंबिकाबाईंनी ते ओळखलं. त्यांनी नवऱ्यापुढे ताट ठेवलं.

समोर म्हातारी साखराबाई अजून भाकरी घेऊनच बसली होती. शिवशंकरच्या रानात तिनं चाळीस वर्षं खुरपलेलं. ती भाकरी उन्हाला धरून, डोळे बारीक करून बघत होती.

"गुरुजी, कणीस न् कणीस बरुबर हाय. पर ह्यात मानूस कुठं हाय?"

"नाहीच काढला. थंडीतलं एकटं रान दाखवायचं होतं."

"एकटं?" साखराबाई हसली. "तुमी कवा बघितलं हे रान एकटं?"

गुरुजी मनाशी हिशेब करू लागले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. या रानात ते जावई म्हणून वर्षातून एकदाच यायचे, तेही येळवशीला. म्हणजे तीसचाळीस माणसांचा गलका असताना, आंबिलीचे तांबे फिरत असताना. छत्तीस वेळा इथं बसून जेवले, आणि महिनाभर खपून कोरलं काय, तर कोपीत चिटपाखरू नसलेलं रान! आजसुद्धा माणसांना चुकवून कोपऱ्यात बसून ते छापायचं ठरवलेलं. गुरुजींना स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी फळी मांडीवर घेतली. वरचं धुकं गेलं होतं, पण खालचं काळं रान सपाट, धडधाकट होतं. खिशातून त्यांनी पेन्सिल काढली.

"साखराबाई, तोंड जरा इकडं करा."

"माजं? अगं बाई!" म्हातारीनं घाईघाईनं पदर सारखा केला. हे बघून भुजंग बांध ओलांडून आला आणि तिच्यामागे छाती काढून उभा राहिला. हणमंतरावांनी पटका नीट केला. पाहुण्यांनी जेवणं सोडून गर्दी केली. शिवकांता भीत भीत म्हणाली, "दाजी, मला चुलीपाशीच काढा. पर राग आलेली नका काढू."

"राग मलाच आला होता," गुरुजी म्हणाले, आणि शिवकांता पहिल्यांदा हसली.

उन्हं कलेपर्यंत चित्रातल्या काळ्या रानात पाय ठेवायला जागा उरली नाही. साखराबाई फळीवर वाकली. एकेकाला बोटानं ओळखत गेली आणि मधेच थांबली.

"गुरुजी, समदे बसले. तुमी कुठं हाव?"

पस्तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. म्हातारीनं चित्रातल्या आपल्याच शेजारी बोट टेकवलं.

"मी सरकते थोडी. बसा हितं."