काशिनाथभावजींचं ऊन

सापाच्या पेटीत मी बोंबील वाळत घातले होते. आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मोकळी. सहा-सात वर्षं झाली असतील. तेव्हा मी बासष्टची, म्हणजे तशी कोवळीच. अक्कलदाढ येऊन पडूनही गेली होती. अक्कल तेवढी यायची राहिली होती.

पेटी काशिनाथभावजींची. वैशाखरे गावात आमचं आणि त्यांचं घर एकाच भिंतीला टेकलेलं. माणूस वायरमन, जन्म विजेच्या खांबांवर गेला. बायको लवकर वारली. एकच मुलगी, रेवती. ती पुण्याला शिकायला गेली आणि परत आली ती एक अजगर घेऊन. आपल्याकडचा नव्हे हो, आफ्रिकेतला, हातभर लांबीचा, त्याचे सरकारी कागद असलेला. आपल्या रानातला साप घरात ठेवला तर तुरुंग. हा मात्र पाहुणा. पुढे रेवती परदेशी नोकरीला निघाली. भावजी म्हणाले, "गेलीस तर माझ्याशी बोलू नको." पोरगी बापाच्या वळणाची. गेली, आणि बोलली नाही. साप राहिला.

जाताना तिने एकच बजावलं होतं, त्याला ऊन मिळालं पाहिजे. विकणारा म्हणाला होता, सापाला कसलं ऊन, तो अंधारातला जीव. पण रेवतीने कुठेसं वाचलं होतं की उन्हातले न दिसणारे किरण त्याला मानवतात. तसे किरण देणारी दिव्याची नळी मिळते. झालं! ज्याने स्वतःच्या ओटीवर आयुष्यभर एक पिवळा बल्ब लावला, तो या नळीपायी वेडा झाला.

पेटीच्या वर जाळीचं झाकण, झाकणावर नळी. सकाळी सातला चालू, संध्याकाळी सातला बंद. मी एकदा म्हटलं, "धूळ पडते, वरून काच टाका की."

"वहिनी, उजेड म्हणजे ऊन नाय," भावजी कपाळाला हात लावून म्हणाले. हे त्यांचं पालुपद. "काचेतून उजेड जातो, ऊन अडतं."

नळीवर पेनाने तारीख घातलेली. वर्ष झालं की लखलखीत जळणारी नळी काढून नवी लावायची. का, तर ती पेटते, पण तिच्यातलं ऊन संपलं. जुन्या नळ्या आमच्या गोठ्यात लागायच्या. आमची म्हैस वैशाखऱ्यातली सगळ्यात गोरी दिसायची. पेटीच्या अर्ध्या भागात ऊन, अर्ध्यात एक फुटकं मडकं पालथं घातलेलं. "ऊन दिलं तर सावली पण द्यावी लागते. त्याचं त्याला ठरवू दे." पावसाळ्यात लाइट गेली की इन्व्हर्टरवर पंखा नाही, टीव्ही नाही, फक्त सापाचा दिवा. भावजी अंधारात घामाने निथळत बसलेले आणि अजगर उन्हात.

नागपंचमीला बायका दूध-लाह्या घेऊन यायच्या. भावजी दारात आडवे. "परदेशी हाय तो! त्याला तुमची पंचमी ठावं नाय. लांबून बघा नि जा." बोंबलांच्या त्या वर्षी तर त्यांनी दारच उघडलं नाही. आम्ही म्हटलं, म्हातारा आणखी बिघडला.

रविवारी अकराला रेवतीचा व्हिडिओ फोन, तोही सापाला बघायला. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं.

"दाखवा."

भावजी फोन पेटीसमोर धरायचे. स्वतःचा चेहरा कधी नाही.

"नळी बदलली?"

"व्हय."

"दिसत नाहीये तो."

"मडक्यात झोपलाय गो."

"बरं. ठेवते."

बाप-लेकीचं आठवड्याचं बोलणं एवढंच. पण भावजी त्याआधी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे.

त्या श्रावणात त्यांना हर्नियाच्या ऑपरेशनला कल्याणला जावं लागलं. चार दिवस. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "साताला चालू, साताला बंद. झाकण उघडायचं नाय. खायला मी आल्यावर घालीन. फोन पण इथंच ठेवतो. हास्पिटलची भिंत दिसंल तिला. इचारलं तर सांगा, शेतावर गेलाय."

तीन आठवडे सूर्य दिसला नव्हता. भिंतींना बुरशी, चपलांना बुरशी, आणि डब्यात माझे वर्षाचे बोंबील सादळून वास मारायला लागलेले. इकडे शेजारी दिवसाचे बारा तास रिकामं ऊन पडतंय! जाळी तर आयतीच. पण काचेतून अडतं ते जाळीतूनही अडत असेल, असं माझं विज्ञान. मी झाकण सरकवलं आणि बोंबील थेट आत मांडले.

दोन दिवसांत एक बोंबील वाळेल तर शपथ. त्या उन्हाला धगच नव्हती. रविवारी सकाळी मी ते मुकाट्याने काढायला गेले. एवढ्या वासाने अजगराने मडक्यातून नाकही बाहेर काढलं नव्हतं. काठीने मडकं उचललं.

खाली काही नव्हतं.

झाकण दोन दिवस वीतभर उघडं! मी खाटेखाली पाहिलं, भाताच्या कणगीत पाहिलं, चुलीत हात घातला. तेवढ्यात फोन वाजला.

"काकी? तुम्ही? बाबा कुठायत?"

"शेतावर गेलेत गो."

"दाखवा ना त्याला."

मी फोन पेटीसमोर धरला. "मडक्यात झोपलाय."

ती "बरं," म्हणाली. "ठेवते."

पुढचे दोन दिवस मी जेवले नाही. त्या माणसाकडे तेवढा एकच धागा होता, आणि मी तो बोंबलांसाठी तोडला.

भावजी जीपमधून उतरले तेव्हा पोटाला हात धरून वाकलेले. मी त्यांना पाणीसुद्धा दिलं नाही; दारातच सगळं ओकले. झाकण, बोंबील, खोटं बोलले ते. "भावजी, तुमचा साप मी घालवला."

ते ओटीवर टेकले. वाटलं, आता ओरडतील. त्यांनी मान वळवून आत पेटीतला दिवा चालू आहे ना ते पाहिलं. मग म्हणाले, "तुमी नाय घालवलात. जेठ महिन्यातच मेला तो. परसात पुरलाय मी."

मला आधी समजलंच नाही. मग राग आला. दोन दिवसांचा उपास माझा! "मग मेल्यावर हा दिवा कुणासाठी जाळता? सांगा की पोरीला खरं!"

"सांगतो की," भावजी म्हणाले. "पन मंग रविवारी ती फोन कशापायी करंल?"