कर्स्टीच्या रक्तात काहीच नाही

कर्स्टीची योजना म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! शाळेची वेळापत्रकं ती आखायची, आणि कुणी विचारलं असतं तर गावातल्या मेंढ्यांनी कधी व्यायचं तेही तिने आखून दिलं असतं. त्यामुळे डॉक्टर पराता म्हणाल्या, "रक्त तपासण्याआधी दीड महिना रोज गव्हाचा पाव खायचा," तेव्हा ती हसली.

"एवढंच ना? झालंच समजा!"

पोट दुखतं म्हणून गहू तिने आपणहूनच सोडला होता. डॉक्टरांना संशय होता, की गहू पोटात गेला की तिचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर तुटून पडतं. तसं असेल तर रक्तात प्रतिपिंडं सापडतात. पण शत्रूच आला नाही तर फौज जमेल कशाला? म्हणून आधी खा, मग रक्त द्या!

कर्स्टीला हे कळायलाच हवं होतं. तिची आई वर्षानुवर्षं "गॅस आहे गं नुसता" म्हणत पोट धरून बसायची. दुखणं काय ते कळलं तेव्हा उशीर झाला होता. गेल्या हिवाळ्यात ती गेली.

पहिल्या आठवड्यातच कर्स्टी सोफ्यावर आडवी झाली.

"बाबा, पोटात कुणीतरी नांगर फिरवतंय!"

मर्डो दारात उभा राहून बघत होता. आयुष्यभर मेंढ्या राखल्या, पण स्वयंपाकघरात किटलीपलीकडे हात लावला नव्हता. तो एकदम म्हणाला, "दुकानातला पाव बंद. उद्यापासून मी भाजणार."

"तू?"

"का? मेंढी कातरता येते, तर पीठ मळता येणार नाही?"

आणि पाव आला! वरून चिरा, आतून दमट, सुरी लावली की भुगा. टिब कुत्र्याने वास घेतला, तुकडा उचलला आणि अदबीने बागेत पुरून आला.

"कसा झालाय?" मर्डोने विचारलं.

"भरीव," कर्स्टी म्हणाली. म्हातारा शोक विसरून काहीतरी करतोय, कोण बोलणार? "पण तू दुकानातलाच खातोस की!"

"चांगलं ते पोरीला. खा तू."

ती खात राहिली. आणि काय आश्चर्य! नांगर थांबला. गालांवर रंग आला. वेळापत्रकात 'वेदना' नावाचा रकाना होता, तो कोरा पडू लागला.

तपासणीच्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, "घरातल्यांचंही रक्त बघतो आम्ही." कर्स्टीने मर्डोलाही ओढत नेलं.

"मला कशाला? पोटं नाजूक तिच्या आईच्या माहेरची!" तो कुरकुरला. पण नर्स मोरॅग त्याची बोल्समधली, हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळातली, जोडीदार. तिने दटावलं, "बाही वर कर, मर्डो!" तशी त्याने केली.

निकाल ऐकायला दोघं गेले. डॉक्टर म्हणाल्या, "कर्स्टी, तुझ्या रक्तात काहीच नाही. मर्डो, तुमच्या रक्तात मात्र प्रतिपिंडं भरपूर आहेत."

कर्स्टी ताडकन उठली. "नळ्या बदलल्या! मोरॅगने चिठ्ठ्या उलट्या लावल्या!"

"मी?" मोरॅग दारातून गरजली. "माझ्या साऱ्या नोकरीत एक नळी इकडची तिकडे गेलेली नाही!"

"मग मी दीड महिना खाल्लं ते काय होतं? मी अख्खी भिंत खाल्लीय! मी तक्रार करणार. लेखी!"

मर्डोने टोपी हातात घेऊन पिळली. "कर्स्टी, बस खाली. नळ्या बरोबर आहेत."

"तुला काय माहीत?"

"तांदूळ होता तो."

"कुठला तांदूळ?"

"पावात. गहू नव्हताच. तांदळाचं पीठ, थोडा बटाटा. लोकर ठेवायच्या शेडमध्ये लपवलं होतं. दुकानात हेमिश विचारत होता, एवढ्या पिठाची खळ करून घराच्या भिंतींना कागद चिकटवतोयस का म्हणून."

"बाबा! सगळी तपासणी वाया! का?"

मर्डो टोपीकडेच बघत राहिला. "तुझी आई अशीच पडून असायची त्याच सोफ्यावर. मी समोर बसून जेवायचो. पुन्हा नाही बघवलं."

मोरॅगने फळ्यावरची सूचना अतिशय लक्षपूर्वक वाचायला घेतली.

डॉक्टरांनी खाकरून सांगितलं, "कर्स्टी, पुन्हा पहिल्यापासून. खरा गहू. मर्डो, तुमचा आकडा इतका वर आहे, की तज्ज्ञांच्या मते पोटात दुर्बीण घालून बघायचीही गरज नाही. तुम्ही गहू आजपासून बंद."

"पण मला काही होत नाही!"

"थकवा? पोट फुगणं?"

"ते सगळ्यांनाच होतं की!" मर्डो म्हणाला. मग तिघींकडे आळीपाळीने बघत, "होत नाही?"

संध्याकाळी कर्स्टीने दुकानातून खरा पाव आणला. एका बशीत गरम चीज रोल, लोण्याने माखलेले. दुसऱ्या बशीत मर्डोसाठी उकडलेला बटाटा. तिने पहिला घास घेतला आणि डोळे मिटून पोटावर हात ठेवला.

"दुखतंय?" मर्डोने हळूच विचारलं.

"दुखतंय."

"फार?"

"खूप."

त्याने आपला बटाटा बाजूला सारला आणि तिच्या बशीतल्या रोलकडे बघितलं. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "पोरी, फार होत असेल तर उरलेले माझ्याकडे सरकव. तेवढाच तुझा त्रास वाचेल."